नोंदवहीबाहेरचे पायरेट्स

बॉब प्रिन्स हा पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा घरचा समालोचक. १३ ऑक्टोबर १९६० च्या दुपारी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना संपत आला असताना त्याला खाली खेळाडूंच्या खोलीकडे पाठवलं गेलं. जो संघ जिंकेल त्याच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. तो खाली असतानाच वर आरोळी उठली आणि सगळं आटोपलं. आपण जिंकलो एवढं त्याला कळलं. कसे जिंकलो हे विचारायला सवड नव्हती. कॅमेरा सुरू, माणसं एकमेकांवर शॅम्पेन ओतताहेत, आणि त्या गर्दीत कुणीतरी बिल मॅझरोस्कीला त्याच्यापुढे आणून उभं केलं. जगज्जेत्या संघात असल्यावर कसं वाटतं, असं प्रिन्सने विचारलं. छान वाटतं, असं मॅझरोस्कीने सांगितलं. झालं. प्रिन्स पुढच्या माणसाकडे वळला.

थोड्याच वेळापूर्वी याच मॅझरोस्कीने न्यूयॉर्क यांकीजच्या राल्फ टेरीचा चेंडू डावीकडच्या भिंतीवरून बाहेर भिरकावला होता. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगचा उत्तरार्ध, धावसंख्या ९-९, आणि त्या फटक्याने १०-९. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अशा अखेरच्या होम रनने संपल्याचं दुसरं उदाहरण आजतागायत नाही. तो फटका मारणारा समोर घामाघूम उभा होता, आणि शहराचा लाडका समालोचक त्याची जुजबी विचारपूस करून मोकळा झाला. मॅझरोस्की खाणकामगाराचा मुलगा, स्वभावाने अबोल. ‘अहो, तो मीच मारला’ हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

हा किस्सा मी पिट्सबर्गमध्येच ऐकला. शिकायला तिथे गेले तेव्हा बेसबॉल म्हणजे मधूनमधून काहीतरी घडणारा आणि बाकी वेळ माणसं शेंगदाणे खात बसणारा खेळ, एवढीच माझी समजूत होती. (समजूत फारशी बदललेली नाही. शेंगदाण्यांची बाजू कळली एवढंच.) ओकलंड भागात विद्यापीठाच्या आवारालगत फोर्ब्ज फील्डच्या जुन्या विटांच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे, वेलींनी झाकलेला. मैदान १९०९ मध्ये सुरू झालं, १९७० मध्ये बंद पडलं, मग पाडलं गेलं. भिंत पुढे कुठून जायची ते दाखवायला फुटपाथवर विटांची ओळ बसवली आहे. पलीकडच्या इमारतीत जमिनीत काचेखाली होम प्लेट (बॅटर उभा राहतो तिथली पाटी) जपून ठेवली आहे. ती नेमकी मूळच्या जागीच आहे का, यावर तिथले जाणकार हमरीतुमरीवर येतात.

दर १३ ऑक्टोबरला या भिंतीपाशी लोक जमतात आणि १९६० च्या त्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पहिल्या चेंडूपासून ऐकतात. १९८५ मध्ये एक माणूस कॅसेट घेऊन एकटाच येऊन बसला, तिथून ही प्रथा पडली. टेप दुपारी एकच्या सुमाराला अशा बेताने लावतात की मॅझरोस्कीचा होम रन बरोबर तीन वाजून छत्तीस मिनिटांनी, म्हणजे मूळच्या वेळी, व्हावा. मी गेले तेव्हा घडीच्या खुर्च्या, थर्मास, पिवळ्या-काळ्या टोप्या असा जामानिमा होता. सगळ्यांना निकाल पाठ. तरी आठव्या इनिंगमध्ये यांकीज ७-४ ने पुढे असताना माझ्या शेजारचे आजोबा खरोखर अस्वस्थ झाले होते, खुर्चीचा हात आवळून बसले होते. आमच्या घरी बाबा आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकायचे, तेव्हा त्यांचीही हीच गत व्हायची. पण बाबांना निकाल आधी ठाऊक नसायचा.

त्या टेपमध्ये एक गंमत आहे. रेडिओवर बोलणारा चक थॉम्पसन ऐन मोक्याला पिचरचं नावच चुकला. चेंडू टाकला राल्फ टेरीने, थॉम्पसन म्हणाला आर्ट डिटमार. पुढे धावसंख्या सांगतानाही तो घसरला, दहा-शून्य म्हणाला आणि मग सावरून दहा-नऊ केलं. भिंतीपाशी त्या चुकांनाही दाद मिळते. बिचाऱ्या डिटमारला मात्र ती आयुष्यभर पुरली. पुढे ही ध्वनिफीत बिअरच्या एका जाहिरातीत वाजली, तेव्हा त्याने कोर्टात दावा लावला आणि तो हरला.

तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात आलं की या संघाची ही जुनीच तऱ्हा आहे. काही मोठं घडतं आणि ते टिपायला नेमलेला माणूस त्या घटकेला खाली जिन्यात असतो, नाहीतर भलतंच नाव घेत असतो. संघाचं नावसुद्धा एका राहून गेलेल्या नोंदीतून आलं आहे. १८९० च्या हंगामानंतर फिलाडेल्फियाच्या संघाकडून लुई बिअरबावर या खेळाडूचं नाव आपल्या राखीव यादीत, म्हणजे पुढच्या हंगामासाठी राखलेल्या खेळाडूंत, लिहायचं राहून गेलं. पिट्सबर्गने त्याला उचललं. फिलाडेल्फियाने चाचेगिरीचा ओरडा केला, आणि पिट्सबर्गकरांनी लाजण्याऐवजी ते बिरुद छातीवर लावलं. तेव्हापासून हे पायरेट्स.

१९६० ची ती मालिका आकड्यांत पाहिली तर पायरेट्स जिंकलेच कसे, असा प्रश्न पडतो. यांकीजने तीन सामने १६-३, १०-० आणि १२-० असे जिंकले. सात सामन्यांत मिळून त्यांच्या ५५ धावा, पायरेट्सच्या २७. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून यांकीजच्याच बॉबी रिचर्डसनची निवड झाली. हरलेल्या संघातल्या खेळाडूला तो मान मिळाल्याचं हे एकमेव उदाहरण. पायरेट्सनी चार सामने कसेबसे जिंकले आणि तेवढेच पुरले.

सातव्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये एक साधा जमिनीवरचा चेंडू अचानक उसळून यांकीजच्या टोनी क्यूबेकच्या गळ्यावर आदळला. दोघं बाद व्हायचे ते एकही झाला नाही, आणि तिथून चक्रं फिरली. त्याच इनिंगमध्ये हॅल स्मिथने तीन धावांचा होम रन मारून संघाला ९-७ असं पुढे नेलं. सामना तिथेच संपता तर आज ती भिंत स्मिथच्या नावाने ओळखली गेली असती. पण यांकीजने बरोबरी साधली, मॅझरोस्की आला, आणि स्मिथ तळटीपेत गेला. माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत अवघड फटका स्मिथचाच. आजोबांना मी तसं म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, पण थर्मासमधली कॉफी दिली.

आणि या सामन्याचं चित्रण? ते नव्हतंच. त्या काळी दूरचित्रवाणीवरचे सामने जपून ठेवायची पद्धत नव्हती. गायक बिंग क्रॉस्बी पायरेट्सचा भागीदार होता. सामना बघवणार नाही, इतका त्याला ताण आला, म्हणून तो पॅरिसला निघून गेला आणि तिथे रेडिओवर ऐकत बसला. जिंकलोच तर मागाहून बघता यावा म्हणून त्याने टीव्हीच्या पडद्यावरूनच सामन्याचं फिल्मवर चित्रण करवून घेतलं. त्याच्या घरातल्या जुन्या मद्याच्या तळघरात ही पाच रिळं पडून राहिली आणि २००९ मध्ये, क्रॉस्बी जाऊन तीन दशकं उलटल्यावर, सापडली. २०१० मध्ये पिट्सबर्गच्या नाट्यगृहात ती दाखवली गेली तेव्हा त्या सामन्यातले काही खेळाडू प्रेक्षकांत बसले होते. पन्नास वर्षांनी आपलाच खेळ ते पहिल्यांदा बघत होते.

भिंतीपलीकडे गेलेल्या चेंडूची कथा तर याहून वरताण. तो एका चौदा वर्षांच्या मुलाला सापडला. मुलगा तो घेऊन मॅझरोस्कीकडे गेला. मॅझरोस्कीने सही करून चेंडू त्यालाच परत दिला. आठवण आहे तेवढी मला पुरे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. मुलगा तो. पुढे मित्रांबरोबर खेळायला चेंडू कमी पडला म्हणून त्याने हाच काढला आणि तो गवतात हरवला.

त्या सामन्यात विजयी पिचर म्हणून ज्याचं नाव लागलं तो हार्वी हॅडिक्स. शेवटच्या काही चेंडूंसाठी आला होता. आदल्याच वर्षी या माणसाने जे केलं होतं ते मला मॅझरोस्कीच्या फटक्याहून मोठं वाटतं.

२६ मे १९५९, मिलवॉकी. हॅडिक्सला फ्लू झाला होता, तरी तो उभा राहिला. बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंगमध्ये समोरच्या संघाचे सत्तावीस जण बाद करायचे असतात. एकालाही पहिल्या बेसपर्यंत (धाव पुरी करताना गाठायच्या चार टप्प्यांपैकी पहिला) पोचू न देता सत्तावीसच्या सत्तावीस बाद केले तर तो ‘परफेक्ट गेम’. शंभराहून जास्त वर्षांच्या खेळात असे फार थोडे झालेत. हॅडिक्सने सत्तावीस बाद केले. पण त्याच्या संघाला एक धाव काढता येईना. सामना पुढे चालू. दहावी इनिंग, अकरावी, बारावी. छत्तीस जण आले, छत्तीस जण परत गेले. समोरच्या लू बर्डेटला पायरेट्सनी बारा हिट (सुखरूप बेस गाठून देणारे फटके) मारले, धाव मात्र शून्य. पुढे तीसेक वर्षांनी मिलवॉकीच्याच एका खेळाडूने सांगितलं, की आमची माणसं दुर्बिणीतून पायरेट्सच्या, बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरच्या खुणा चोरत होती, कुठला चेंडू येणार हे आमच्या बॅटर्सना आधीच कळत होतं. कळूनही कुणाला मारता आला नाही.

तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकने चेंडू चुकीचा फेकला आणि पहिला माणूस बेसवर गेला. मग एक जण मुद्दाम बाद होऊन त्याला पुढे सरकवून गेला, हँक आरनला हॅडिक्सनेच ठरवून पहिला बेस दिला, आणि जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे मारला. धावताना आरनला वाटलं सामना संपला, तो वाटेतच वळला. मागून येणाऱ्या ॲडकॉकने त्याला ओलांडलं. गोंधळ माजला, होम रनचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा हिट) झाला आणि अधिकृत निकाल ठरला १-०. हॅडिक्स हरला. टेक्ससमधल्या कॉलेजच्या काही पोरांनी त्याला एक शिवीवजा ओळ लिहून पाठवली, ‘तुझं नशीबच फुटकं’ या आशयाची. आधी तो संतापला, मग त्याला वाटलं की इतकी पत्रं आली, पण नेमकं बोलणारी हीच.

१९९१ मध्ये बेसबॉलच्या एका समितीने व्याख्या कडक केल्या आणि पिचरने एकही हिट न दिलेल्या सामन्यांच्या यादीतून पन्नास सामने गाळले. त्यांत हॅडिक्सचाही गेला. समितीच्या तर्कात खोट काढता येत नाही, तेराव्या इनिंगमध्ये हिट बसलाच होता. पण बारा इनिंग निर्दोष टाकणारा माणूस यादीबाहेर आणि नऊ टाकणारे आत, याला काय म्हणायचं? मी काय केलं ते मला ठाऊक आहे, एवढीच हॅडिक्सची प्रतिक्रिया होती.

१ सप्टेंबर १९७१ चा सामना मात्र ठरवून नजरेआड केल्यासारखा आहे. आता नदीकाठचं काँक्रीटचं थ्री रिव्हर्स स्टेडियम. समोर फिलाडेल्फिया. प्रशिक्षक डॅनी मर्टॉने यादी लिहिली: स्टेनेट, क्लाइन्स, क्लेमेंटे, स्टारजेल, सँगियेन, कॅश, ऑलिव्हर, हर्नांडेझ, आणि पिचर डॉक एलिस. नऊच्या नऊ कृष्णवर्णीय. कुणी अमेरिकन, कुणी पोर्तो रिकोचा, कुणी पनामाचा, कुणी क्यूबाचा. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगचा, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवरच्या बेसबॉलचा, वर्णभेद मोडला, त्याला चोवीस वर्षं झाली होती. तोवर कुठल्याही संघाने असे नऊ जण एकत्र उतरवले नव्हते.

प्रेक्षक ११,२७८. पिट्सबर्गची वृत्तपत्रं संपामुळे बंद, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शहरात वाचायला काहीच नाही. खुद्द खेळाडूंच्या लक्षातसुद्धा सामना सुरू झाल्यावर आलं. तिसरी-चौथी इनिंग असेल, कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, अरे, आपण सगळेच! आणि तोवर एलिसची दुसऱ्याच इनिंगमध्ये धुलाई होऊन तो बाहेर बसलाही होता. म्हणजे ते नऊ जण मैदानात एकत्र होते जेमतेम दीड इनिंग. सामना पायरेट्सनी १०-७ जिंकला. मर्टॉला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, माझ्याकडचे सर्वांत चांगले नऊ मी उतरवले. त्याने खरंच मोजलं नव्हतं की मोजून गप्प राहिला? मर्टॉ हा आयरिश वळणाचा, डोळे मिचकावून बोलणारा माणूस. मला दुसरी शक्यता जास्त पटते.

(एलिसविषयी एक वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १२ जून १९७० ला सॅन दिएगोत त्याने एकही हिट न देता सामना जिंकला होता, आणि तेव्हा आपण एलएसडी या अमली पदार्थाच्या अमलाखाली होतो हे त्याने जगाला सांगितलं १९८४ मध्ये.)

१९७१ च्याच ऑक्टोबरमध्ये पायरेट्स बाल्टिमोरला हरवून पुन्हा जगज्जेते झाले. रॉबेर्तो क्लेमेंटेने सातही सामन्यांत हिट मारले. १९६० च्या सातही सामन्यांत त्याने मारले होतेच. सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुन्हा खेळाडूंची खोली, पुन्हा शॅम्पेन, आणि माईक घेऊन पुन्हा बॉब प्रिन्स. त्याने हाक मारली ती ‘बॉबी’ अशी. सतरा वर्षं या माणसाला अमेरिकेत बॉब आणि बॉबी म्हटलं जात होतं. खेळाडूंची चित्रं असलेल्या बेसबॉलच्या पत्त्यांवर तसंच छापायचे, वार्ताहर त्याचं इंग्रजी मोडकं-तोडकं करून जसंच्या तसं लिहायचे. क्लेमेंटेने माईक घेतला आणि इंग्रजीत काही बोलण्याआधी मला आईवडिलांशी माझ्या भाषेत बोलायचं आहे, असं सांगून देशभर चाललेल्या प्रक्षेपणात तो स्पॅनिशमध्ये बोलला. आपल्या मुलांना आशीर्वाद दिला आणि आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. इथे मात्र नोंद करणारे सगळे हजर होते, आणि बोलणं बहुतेकांना कळलं नाही. ज्यांना कळायचं होतं ते पोर्तो रिकोत टीव्हीसमोर बसले होते. नवख्या देशात राहणाऱ्या कुणालाही ही चित्रफीत बघताना घशाशी काही येईल. मला आलं.

पुढच्या वर्षी त्याला तीन हजाराव्या हिटचे वेध लागले. २९ सप्टेंबर १९७२ ला न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध त्याने मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागून निसटला. फलकावर आधी हिट झळकला, लोक उभे राहिले, मग अधिकृत नोंदणीकाराने ती क्षेत्ररक्षकाची चूक ठरवली. म्हणजे हिट नाहीच. क्लेमेंटे भडकला, मग निवळला. दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला, जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर त्याने डावीकडे खणखणीत डबल मारला. तीन हजार. स्टेडियममध्ये माणसं होती १३,११७, बाकी खुर्च्या रिकाम्या. मॅटलॅक नवखा होता. आपल्या चेंडूवर काय घडलंय याची मला कल्पनाच नव्हती, असं त्याने नंतर सांगितलं. क्लेमेंटेने बेसवर उभं राहून टोपी उंचावली.

साखळी हंगामातला तो त्याचा शेवटचा हिट. २३ डिसेंबरला निकाराग्वात मानाग्वा शहर भूकंपाने कोसळलं. क्लेमेंटेने पोर्तो रिकोत मदत गोळा करायला सुरुवात केली. आधी पाठवलेलं सामान तिथले लष्करी लोक पळवतात असं कळल्यावर, मी बरोबर गेलो तर हात लावायला धजणार नाहीत, असं म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः विमानात बसला. जुनं डीसी-७, वाजवीपेक्षा जास्त भरलेलं. उड्डाणानंतर लगेच ते समुद्रात पडलं. त्याचा देह मिळाला नाही. संघातले सगळे पोर्तो रिकोला स्मरणसभेला गेले, एक मॅनी सँगियेन सोडून. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात मित्राला शोधत होता.

सामान भरायला मदत केलेल्यांत माँट्रियलचा तरुण पिचर टॉम वॉकर होता. तोही यायला तयार होता. तू लग्न न झालेला पोरगा, जा, नव्या वर्षाची मजा कर, असं म्हणून क्लेमेंटेने त्याला उतरवलं. पुढे हा वॉकर पिट्सबर्गमध्येच स्थायिक झाला. तेरा वर्षांनी त्याला मुलगा झाला, नील. तो पायरेट्सचा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसपाशी उभा राहणारा) झाला, म्हणजे मॅझरोस्कीच्याच जागी उभा राहिला. कादंबरीत कुणी असं घातलं असतं तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

१९७९ च्या विजेतेपदाबद्दल फार लिहीत नाही. स्टारजेल एकोणचाळीस वर्षांचा, सगळ्यांचा ‘पॉप्स’, ३-१ असे मागे पडून जिंकले, सगळ्या देशाने पाहिलं. त्यानंतर या संघाला विजेतेपद मिळालेलं नाही.

आणि ज्या क्षणाचं चित्रण स्पष्ट, सर्व बाजूंनी, भरपूर उपलब्ध आहे तो पिट्सबर्गकरांना नको असलेला आहे. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा, वर्ल्ड सिरीजमध्ये कोण जाणार हे ठरवणारा सामना. नवव्या इनिंगला पायरेट्स २-० पुढे. तिथून सगळं विस्कटलं आणि फ्रान्सिस्को कॅब्रेरा नावाच्या, हंगामभर क्वचितच बॅट हातात आलेल्या राखीव खेळाडूने हिट मारला. दुसऱ्या बेसवरून धावत आला सिड ब्रीम. तो आधी पायरेट्सकडेच होता, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेला, लीगमधला बहुधा सर्वांत मंद माणूस. पायरेट्सच्या हुकमी बॅरी बाँड्सने चेंडू फेकला, तो किंचित एका बाजूला गेला, ब्रीम घसरत आत पोचला. ३-२. बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. पुढची सलग वीस वर्षं, १९९३ ते २०१२, पायरेट्स प्रत्येक हंगामात जिंकले त्याहून जास्त सामने हरले. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब रांग कुणाचीच नाही.

मी गेले ती या काळातच. तिकिटं स्वस्त असायची, जागा हवी तिथे मिळायची. २००१ मध्ये उघडलेलं पीएनसी पार्क हे अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या मैदानांपैकी एक. समोर ॲलेगेनी नदी, पिवळा क्लेमेंटे पूल (सामन्याच्या दिवशी त्यावरून फक्त पायी चालायचं), पलीकडे शहराच्या इमारती. उजवीकडची भिंत क्लेमेंटेच्या २१ नंबरासाठी बरोबर एकवीस फूट उंच. या सगळ्याच्या मधोमध हरणारा संघ. याच काळात, २००८ च्या नोव्हेंबरात, पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेली मुलं, बेसबॉल आधी पाहिलेलाही नाही. भारतीय विद्यार्थ्यांत चार दिवस मोठी चर्चा झाली, मग जो तो आपल्या परीक्षांना लागला. दोघं फ्लोरिडात अगदी खालच्या पायरीच्या लीगमध्ये खेळले. तिथे प्रेक्षक जेमतेमच असतात. २००९ मध्ये रिंकूच्या नावावर पहिला विजय लागला. व्यावसायिक बेसबॉलमध्ये भारतीय पिचरचा तो पहिला विजय, आणि या संघाच्या रीतीप्रमाणे तोही कुणी फारसा पाहिला नाही.

१ ऑक्टोबर २०१३ ला एकवीस वर्षांनी पहिला बाद फेरीचा सामना झाला, सिनसिनाटीविरुद्ध. तोवर मी परतले होते, इथे पुण्यात पहाटे लॅपटॉपवर पाहिला. ४०,४८७ माणसं, बहुतेक काळ्या कपड्यांत, पुलावरही गर्दी. समोरचा पिचर जॉनी क्वेटो. लोक त्याचं नाव लांबवून, सुरात, चिडवत म्हणू लागले. एवढ्यात त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला. हशा उसळला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. सेकंड बेसवर नील वॉकर होता. सामना ६-२. या एका रात्रीला मात्र कुणी जिन्यात नव्हतं, कुणी नाव चुकलं नाही, संप नव्हता, खुर्च्या रिकाम्या नव्हत्या.

मग पुन्हा पहिले पाढे. २०२५ च्या हंगामाच्या सुरुवातीला मैदानात उजवीकडे लावलेलं क्लेमेंटेचं २१ चं चिन्ह झाकून तिथे कुठल्याशा पेयाची जाहिरात लावली गेली. क्लेमेंटेच्या मुलाने जाहीरपणे विचारलं तेव्हा संघाच्या अध्यक्षांनी माफी मागितली आणि चिन्ह परत आलं. आमच्या लक्षात आलं नाही, असा खुलासा होता. मला त्यात खोटं काही वाटलं नाही. लक्षात न येणं हा या संघाचा जुना रोग आहे.

आता पॉल स्कीन्स नावाचा मुलगा तिथे पिचिंग करतो. उंच, ताशी शंभर मैलांच्या पुढे चेंडू टाकणारा. २०२४ मध्ये सर्वोत्तम नवोदित, २०२५ मध्ये लीगमधला सर्वोत्तम पिचर, तोही एकमताने. दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी दोनहून कमी धावा दिल्या, आणि त्याच्या नावापुढे लागलं दहा विजय, दहा पराभव, कारण त्याच्या पाठीशी धावा काढणारं कुणी नव्हतं. हॅडिक्स असता तर त्याने या पोराला घरी जेवायला बोलावलं असतं. तिथला संध्याकाळी पावणेसातचा सामना पुण्यात पहाटे सव्वाचारला लागतो. स्कीन्सची पाळी असली की मी रेडिओचं ॲप लावते, चहा ठेवते. पाचव्या इनिंगपर्यंत दूधवाला येतो, आणि बहुतेक वेळा तोवर धावसंख्या शून्य-शून्य असते.